उभी रेघ

पोरीचं नाव मला आठ दिवस घेता आलं नाही.
रेलेबोहिले.
विनकर वसाहतीत आधी 'बोहिले' झालं,
मग 'भोईली', मग नुसतं 'भोई'.
ती ओ द्यायची.
नावाचा अर्थ म्हणे, आम्ही आभारी आहोत.
कुणाचे, ते नाही सांगितलं.

फार्मसी कॉलेजची. गाजुलांच्या माडीवर भाड्यानं.
डिसेंबरात एकदा कारखान्यात आली,
काखेत एक जड ब्लँकेट.
मोडक्या हिंदीत म्हणाली,
यादगिरीमामा, उंदरानं खाल्लं. रफू होईल?

मी आधी कापड उलटं केलं.
विणकर चेहरा नंतर बघतो, पाठ आधी.
लोकर. आमच्या चादरीच्या दुप्पट वजन.
मक्याची कणसं विणलेली,
आणि मधेच बोटभर रुंद, परक्या रंगाची एक रेघ
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
फॉल्ट आहे, मी म्हणालो.
आमच्या शेठनं मजुरी कापली असती.

ती एवढी हसली
की चार माग चालू असताना ऐकू आलं.

देश कुठं तुझा?
नकाशा नव्हता. तिनं जेकॉर्डचा रद्दी पुठ्ठा उचलला,
एका भोकावर बोट ठेवलं.
हा सगळा पुठ्ठा दक्षिण आफ्रिका.
हे आम्ही. लेसोथो.
चारी बाजूंनी एकच शेजारी,
समुद्र बघायचा तरी त्याच्याच अंगणातून जायचं.

पुढचं मागाच्या खटखटीत अर्धंमुर्धं कानावर आलं:
राजा आहे, अजून आहे.
सगळ्यात खोल दरीसुद्धा सोलापूरच्या तिप्पट उंचीवर.
जूनमध्ये बर्फ.
ठेंगणे घोडे, पाय न घसरणारे.
रुपयाला लोटी म्हणतात आणि लोटी म्हणजे डोंगर,
म्हणजे वाण्याला डोंगर द्यायचा
आणि सुट्टे परत घ्यायचे.
ब्लँकेट लग्नात, मयतात, बाळंतपणात.
ज्वारीची आंबील.

मी माग बंद केला.
ज्वारी?
ज्वारी. आंबवलेली. पोरं शाळेला जाताना पिऊन जातात.
मग बराच वेळ आम्ही कुणीच काही बोललो नाही.

पाणी विकतो आम्ही, ती म्हणाली.
डोंगर पोखरून, बोगद्यातून, शेजाऱ्याला.
मी म्हणालो, आमचा नळ पाचव्या दिवशी येतो.
तर म्हणते, धरणाच्या वरच्या गावात
माझी मावशी अजून डोक्यावर पाणी वाहते.
हे मला लगेच समजलं. याला हिंदीही लागली नाही.

आणि ती रेघ?
सांगतात, खरं-खोटं कोण बघायला गेलंय,
लांबच्या कुठल्या गिरणीत एकदा मागाची चूक झाली.
गिरणीवाला माल परत न्यायला निघाला.
आमच्या लोकांनी ती चूकच ठेवून घेतली.
आता रेघ उभी येईल असंच पांघरायचं.
आडवी आली तर माणसाची वाढ खुंटते.

चाळीस वर्षं मी फॉल्टचे पैसे भरतोय.
एकदाही कुणी म्हणालं नाही, राहू दे, आवडली.

रात्री पुठ्ठ्यांची माळ ओवताना
तो रद्दी पुठ्ठा हाताला लागला.
लोकांना वाटतं भोक म्हणजे काही नाही.
अहो, भोक असतं तिथंच धागा वर उचलला जातो.
बाकी पुठ्ठा सपाट. त्याच्यानं काही हलत नाही.
चारी बाजूंनी कोंडलेलं एवढंसं भोक
आणि त्याच्या जोरावर उठलेला धागा.
तो डोंगरच असणार.

रफूला तीन रात्री गेल्या.
एक कणीस उंदरानं पुरतं खाल्लं होतं.
मका माझ्या हातात बसला नाही.
दाणे बारीक झाले, दाटले,
कणीस टोकाकडं फुगत गेलं.
आमच्याकडच्या रानातलं होऊन बसलं.
उसवावं म्हटलं, तोवर ती दारात.

तिनं ब्लँकेट उन्हात धरलं.
त्या कणसावर बोट फिरवलं, थांबवलं.
माबेले, म्हणाली.

मला वाटलं, आभार मानतेय.
मार्चमध्ये कधीतरी गाजुलांच्या सुनेनं सांगितलं,
तिच्या भाषेत ज्वारी.